पलटणीचे बटण



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साम्राज्ये आणि तत्त्वज्ञाने यांची चर्चा होते. आज आम्ही घेतलेला विषय अंगठ्याच्या नखाएवढा आहे. जुन्या पलटणीतल्या शिपायाच्या कोटाचे धातूचे बटण मातीत सापडले, तर ते कोणाचे आणि कोणत्या काळचे हे कसे ओळखावे, आणि तेवढ्या बटणावरून काय म्हणू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

हा विषय येलदरीस कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या पूर्णा नदीतच आहे. १८०३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेला, असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि वेलस्लीची लढाई झाली, ती केळणा नदीच्या काठी. ही केळणा जाफराबादेजवळ पूर्णेस मिळते, आणि ते पाणी वाहत वाहत येऊन आपल्या येथे, १९६८ साली पुऱ्या झालेल्या धरणात अडते. तिकडे खाली हिंगोलीस निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. तशाच छावण्या जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे आंबेजोगाई, आणि एलिचपूर येथेही होत्या. हिंगोलीहून जालन्यास जावयाचे तर पूर्णा ओलांडल्याविना गत्यंतर नाही. ज्या मुलखातून शंभर वर्षे पलटणी चालल्या, त्या मुलखात चार बटणे गळाली असल्यास नवल ते काय?

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. धातू शोधण्याचे यंत्र आता सहज विकत मिळते. आपल्याकडे ते घेणारा मनुष्य बहुधा इतिहासासाठी घेत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे मोहरांनी भरलेला हंडा असतो. यंत्राच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह खेळत असतो. खाली धातू आला की त्या धातूत बारीक भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांचा परिणाम वरच्या वेटोळ्यावर होऊन यंत्र वाजते. सोने कोणते, बाटलीचे बूच कोणते आणि शिपायाचे बटण कोणते, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. मग गडी खणतो. हंडा निघत नाही, बटण निघते. ते एक तर बांधावर भिरकावले जाते, नाही तर मोडवाल्याच्या तागडीत जाते. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर असे हात फिरावयास कितीसा वेळ लागणार?

आता बटणाकडे वळू. बटण ही वस्तू मुळात आपल्या पोषाखातली नव्हे. आपल्याकडे अंगरख्याला बंद असत, बाराबंदीला तर नावातच बंद आहेत. कापडाची गुंडी होती, तिला फासा होता. पण ओळीने लावलेली, चकाकणारी धातूची बटणे आली ती युरोपीय कवायतीबरोबर. बटण ज्यात जाते ते काजही पोर्तुगीज भाषेतून आलेले आहे. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले धातूचे, सैनिकी दिसणारे बटण मिळाले की एवढे म्हणता येते, की ज्या अंगावर ते होते ते कवायती फौजेच्या धर्तीवर शिवलेल्या कोटाचे अंग होते. ती फौज इंग्रजांचीच असावी असे मात्र नाही. शिंद्यांचे कवायती कंपू होते, निजामाकडे फ्रेंच रेमंडची पलटणे होती. १७९५ साली खर्ड्याला रेमंडची माणसे निजामाकडून लढली आहेत.

बटण हाती आले की पुष्कळ लोक पहिल्याने समोरची बाजू पाहतात. ते स्वाभाविक आहे. वाघ, मुकुट, आकडा, जे काही असेल ते समोर असते. पण आमचा आग्रह असा, की बटण आधी उलटे करावे. समोरची बाजू मिरवण्यासाठी केलेली असते. पाठ कोणी पाहावी म्हणून केलेली नसते, म्हणून ती अधिक खरे बोलते.

पाठीवर तीन गोष्टी पाहावयाच्या. पहिली घडण. जुनी बटणे एकसंध असत, सपाट किंवा किंचित फुगीर. साध्या इंग्रज शिपायाची बटणे १८५५ पर्यंत कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची, करड्या रंगाची असत. त्या वर्षापासून ती पितळेची झाली. अधिकाऱ्यांची मात्र चांदीच्या किंवा सोन्याच्या मुलाम्याची. तेव्हा मळकट, शिशासारखे जड, आकडा असलेले बटण पाहून कोणी ते टाकून देऊ नये. चकाकणाऱ्या पितळी बटणापेक्षा ते जुने असण्याचा संभव अधिक. पुढे १८१३ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी दोन पातळ पत्रे कडेला दुमडून एकमेकांत बसविण्याची युक्ती काढली. असे बटण पोकळ असते आणि हलके लागते. त्याची कड नखाने चाचपली की दुमड कळते. ही दुमड दिसली की ते बटण त्या युक्तीच्या आधीचे नव्हे, इतके निश्चित.

दुसरी गोष्ट कडी. ओतीव कडी, डाख देऊन बसवलेली तारेची कडी, आणि काही बटणांना मागे लांबट दांडा व त्यात रिंग अडकवण्याचे भोक. हा शेवटचा प्रकार आमच्या आवडीचा आहे, कारण त्यात आपल्या उन्हाची आणि आपल्या धोब्याची गोष्ट आहे. उन्हाळी पांढरा ड्रिलचा कोट वरचेवर धुवावा लागे. आणि धोबी कपडा दगडावर आपटणार. शिवलेल्या पितळी बटणांनी कपडाही फाटला असता आणि बटणेही चेपली असती. म्हणून बटणे सुटी, मागून रिंगेने अडकवलेली. धुण्यापूर्वी काढावयाची, इस्त्रीनंतर पुन्हा लावावयाची. अशी बटणे हरवत अधिक, हे सांगावयास नकोच.

तिसरी गोष्ट पाठीवरची अक्षरे. लंडन, बर्मिंगहॅम ही गावांची नावे. फर्मिन, जेनेन्स, स्मिथ अँड राइट, गॉन्ट, हॉब्सन ही कारखानदारांची. यात काळ लपलेला असतो. पेढीचे नाव बदलते, भागीदार येतो-जातो, दुकानाचा रस्ता बदलतो, नावापुढे ‘लिमिटेड’ लागते. आणि प्रत्येक बदलाला साल असते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कित्येक बटणांवर कारखान्याचे नावच नसते, नुसती मुलाम्याची स्तुती असते: ‘गिल्ट’, ‘ट्रेबल गिल्ट’. तीनदा मुलामा दिला असे दुकानदार सांगतो, आपण ते प्रमाण मानण्याचे कारण नाही. परंतु अशी अक्षरे त्या काळाची म्हणून मानावयास हरकत नाही.

एवढे झाल्यावर बटण सुलटे करावे. आकडा असेल तर फार उपयोग होतो, आणि फार फसगतही होते. इंग्रजी पायदळाच्या बटणांवर पलटणीचा आकडा घालण्याचा हुकूम १७६७ सालचा आहे. १८७१ मध्ये साध्या शिपायांच्या बटणांवरून आकडे गेले व सर्वांना सरसकट राजचिन्हाचे बटण आले; अधिकाऱ्यांनी आकडे आणखी दहा वर्षे, १८८१ पर्यंत, वापरले. असईच्या लढाईत वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी या गोऱ्या पायदळ पलटणी होत्या. त्या रानात ७४ आकड्याचे शिसट बटण मिळाले तर ते लढाईत पडलेल्या शिपायाचे असू शकेल. पण समजा, त्याच पलटणीच्या बटणावर हत्ती निघाला, तर? हत्तीचे चिन्ह या पलटणींना मिळाले ते असईतल्या पराक्रमाबद्दल, अर्थात असईनंतर. ज्या बटणावर लढाईचे बक्षीस कोरले आहे, ते बटण त्या लढाईत गळलेले कसे असेल? आमच्या मते हे एक उदाहरण ज्याला समजले, त्याला बटणाचा काळ ठरविण्याचे अर्धे शास्त्र समजले. बटणावरची सर्वांत अलीकडची खूण कोणती ते शोधावयाचे. त्या खुणेच्या आधी ते बटण जाऊ शकत नाही. नंतर कितीही येऊ शकते.

मुकुटाचेही तसेच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बहुतेक मुकुटांच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात; १९०१ नंतर राजा आला आणि मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल झाल्या. विलायतेत १९५३ पासून पुन्हा दबलेल्या कमानी आल्या, त्यामुळे तिकडच्या संग्राहकांची एलिझाबेथ आणि व्हिक्टोरिया यांच्यात गफलत होते. भारतीय सैन्याच्या बटणापुरता आपल्याला हा घोर नाही; २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो, मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. राजनामाची अक्षरे असतील तर तीही बोलतात. व्हिक्टोरियाच्या नावापुढे सम्राज्ञीपदाचे ‘आय’ हे अक्षर असेल, तर बटण १८७७ च्या आधीचे नाही, कारण दिल्ली दरबारात ती पदवी जाहीर झाली त्या वर्षाच्या १ जानेवारीस.

आता हिंगोलीकडे येऊ, कारण या भागात खरी परीक्षा तेथे आहे. १८१३ साली हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी पलटणे उभी केली, त्यांना रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे १८५३ च्या तहाने या फौजेचे हैदराबाद कंटिन्जंट झाले आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. म्हणजे वऱ्हाडातल्या कापसावर ही बटणे घासून लखलखीत होत होती असे म्हटले तरी चालेल. कंटिन्जंटच्या पायदळ पलटणींचे आकडे १ ते ६ असे होते. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, तेव्हा त्याच सहा पलटणींना ९४ ते ९९ असे नवे आकडे मिळाले. ९४ वी आणि ९५ वी रसेलच्या नावाने, ९६ वी वऱ्हाडच्या नावाने. १९२२ मध्ये पुन्हा फेरबदल होऊन त्यांची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. १९४५ साली तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट ठेवले गेले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले, ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला लढले ते चौथ्या कुमाऊं पलटणीचे अधिकारी म्हणून. त्या पलटणीचे मूळ एलिचपूरचा नवाब सलाबतखान याच्या फौजेत आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गेलेल्या नावाची मुळे वऱ्हाड-मराठवाड्यात आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

समजा, हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या रानात ९४ आकड्याचे बटण मिळाले. मिळवणारा आनंदाने म्हणेल, हे छावणीतल्या शिपायाचे. थांबा. ९४ हा आकडा रसेलच्या पलटणीस मिळाला १९०३ मध्ये, आणि हिंगोलीची छावणी मोडली तीही १९०३ मध्येच. छावणीत नांदणाऱ्या शिपायाच्या अंगावर तो आकडा यावयास वेळच कोठे मिळाला? मग ते रजेवर आलेल्या शिपायाचे असेल, पेन्शन घेऊन तेथे राहिलेल्या म्हाताऱ्याचे असेल, बाजारात विकलेल्या जुन्या कोटाचे असेल. दुसराही एक खड्डा आहे. विलायतेतही एक ९४ वी पायदळ पलटण होती, तिचा आकडा १८८१ पर्यंत चालला. म्हणजे नुसता ९४ हा आकडा दोन फौजांचा आणि दोन काळांचा. त्यातून मार्ग काढावयाचा तो मुकुटाने, धातूने आणि पाठीने. घुमटाचा मुकुट असेल तर ते १८८१ चे कसे असेल? कथील-शिशाचे असेल तर १९०३ चे कसे असेल?

आणि पितळी बटण म्हणजे सैनिकी बटण ही समजूतही टाकून द्यावी. पोलीस, जंगलखाते, टपालखाते, साहेबाचा पट्टेवाला, सर्वांना पितळी बटणे होती. परभणीवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली; ती निजामाच्या हमीवर चालणारी कंपनी, आणि रेल्वेच्या नोकरांनाही गणवेश असे. संस्थानी फौजांच्या बटणांवर इंग्रजी मुकुटाच्या जागी आपापल्या संस्थानचे चिन्ह असे. याशिवाय जुने सैनिकी कोट लिलावात निघून रखवालदारांच्या आणि लग्नाच्या बँडवाल्यांच्या अंगावर जात. क्लॅरिओनेट वाजवणाऱ्याच्या छातीवर आम्ही स्वतः तीन निरनिराळ्या पलटणींची बटणे एका ओळीत पाहिली आहेत. असा बँडवाला नवरदेवापुढे नाचता नाचता पांदीत एक बटण गमावून बसला, तर पन्नास वर्षांनी तेथे ‘लढाई’ सापडावयास काय उशीर?

हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. बटणावरून लढाई ठरते, लढाईवरून वीर ठरतो, वीरावरून चौथरा होतो, आणि मग चौथरा कोणाच्या मालकीचा यावरून गावात दोन तट पडतात. बटण कोटाचे वय सांगते. कोटात कोण होते, तो तेथे का आला, तो पडला की नुसता घाम पुसावयास बसला, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. ते काही अंशी सांगू शकते ती जागा, जेथे ते पडले होते. एका ओळीत, एकाच खोलीवर दहा बटणे आणि दोन बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या, तर जाणता मनुष्य त्यावरून बरेच काही वाचील. तीच दहा बटणे एका डब्यात घालून घरी आणली, तर ती दहा बटणे उरतात. यंत्राने खणणाऱ्यावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. तो वस्तू घेतो आणि जागा पुसून टाकतो. जलाशयाच्या गाळात तर पाण्याने वस्तू आधीच हलवलेल्या असतात. तेथे जागेची साक्ष मुळातच क्षीण, ती आणखी का बिघडवावी?

कायदाही लक्षात ठेवावा. मातीत दडलेली किमती वस्तू दहा रुपयांहून अधिक मोलाची असेल तर कलेक्टरास लेखी कळवावे, असे १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यात आहे. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणता येत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसास परदेशी पाठवता येत नाही. १९२२ मध्ये ज्यांचा आकडा संपला ती रसेल पलटणीची बटणे आता या शंभरीच्या पलीकडे गेली आहेत. ज्याच्या हाती ती आली तो ती डाकेने विलायतच्या संग्राहकाला पाठवू लागला, तर तो गुन्हा करीत आहे.

मग नांगराच्या तासात किंवा पायवाटेवर आपोआप बटण मिळाले तर काय करावे? प्रथम, ते घासू नये. आपल्या घरातली पद्धत अशी, की पितळ दिसले की चिंच आणि राख घेऊन बसावयाचे. देवाच्या उपकरण्यांना ते ठीक आहे. मातीतल्या बटणावर हिरवट कवच चढलेले असते, मुलाम्याचा उरलासुरला अंश आणि पाठीची अक्षरे त्या कवचात असतात. चिंचेच्या आंबटाने कवच जाते आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. पलटणीत शिपाई बटणे रोज घाशीत, कापडावर डाग पडू नये म्हणून मागे खाचेची पितळी पट्टी सरकवून. झिजलेला मुकुट त्या रोजच्या हाताचा दाखला आहे. आपण त्यात भर घालू नये. साध्या पाण्यात मऊ कुंचल्याने माती काढावी, सावलीत सुकवावे, कागदाच्या पुडीत ठेवावे. पुडीत एक चिठ्ठी हवी: गाव, शिवार, गट क्रमांक, विहीर किंवा झाड यांपासूनचे अंतर, किती खोल, बरोबर आणखी काय होते, तारीख. शाईपेक्षा शिसपेन्सिलीने लिहावे, ओलीत टिकते. मग तहसीलदाराकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे कळवावे.

एक गोष्ट राहिली. १८१९ च्या जानेवारीत नौसाजी नाईक हटकर याच्या गढीवर, इंग्रजी दप्तरात जिला नोवा म्हटले आहे तिच्यावर, रसेल ब्रिगेडच्या पलटणी चालून गेल्या. महिनाअखेर गढी पडली आणि ‘नोवा’ हे नाव पलटणीच्या मानचिन्हांत गेले. त्या लढाईत एका बाजूला बटणे होती. दुसऱ्या बाजूच्या हटकरांच्या अंगावर बंदांचे कपडे होते, आणि कापूस मातीत टिकत नाही. म्हणजे बटणे शोधणारा जितकी अधिक बटणे गोळा करील, तितका तो एकाच पक्षाचा इतिहास गोळा करील. गढीतल्या माणसांची खूण हवी असेल तर ती शिशाच्या वाटोळ्या गोळ्यांत शोधावी लागेल. कंपनीच्या धर्तीच्या बंदुकीची गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटर व्यासाची, बहुतेक एकसारखी. तोड्याच्या बंदुकांच्या गोळ्या हरएक मापाच्या, घरच्या साच्यात ओतलेल्या. त्यांच्यावर आकडा नसतो, मुकुट नसतो, म्हणून त्या कोणी उचलून ठेवीत नाही. मिळाल्या तर त्याही वेगळ्या पुडीत, वेगळ्या चिठ्ठीसह ठेवाव्यात.